मोटार घरी चार्ज करायची, पण कोणत्या प्लगवर?

(कारखान्याच्या विद्युत विभागाकडून)



विजेवर चालणारी मोटार ही आता आपल्या कार्यक्षेत्रात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. उसाचे बिल जमा झाले की कोणी ट्रॅक्टर घेतो, कोणी घराचा स्लॅब टाकतो. आता दोन-चारजण वर्षाकाठी विजेची मोटारही घेऊ लागले आहेत. त्यात वावगे काही नाही. डिझेलच्या मानाने ती स्वस्तात चालते आणि वीज आपल्या घरी आहे. पण गाडी घेताना रंग कोणता, सीटकव्हर कसले, यावर घरात जेवढी चर्चा होते, तिच्या दहावा हिस्साही चर्चा ती कोणत्या प्लगला लावायची यावर होत नाही. गाडी दारात येते, पेढे वाटले जातात, आणि रात्री ओसरीवरच्या ज्या प्लगात इस्त्री लागते त्याच प्लगात पंधरा लाखांची मोटार लावली जाते. हा लेख त्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. घरच्या प्लगवर मोटार चार्ज करणे मुळात चूक नाही. २००१ साली बंगलोरची 'रेवा' ही छोटी मोटार बाजारात आली तीसुद्धा घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवरच चार्ज होत असे. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन विजेवर आली. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची, आणि तिच्यासोबतही पंधरा अँपिअरच्या प्लगाला लावायची केबल होती. तेव्हा प्रश्न घरचा प्लग चालेल का, हा नाही. कोणता चालेल, आणि त्याच्या पाठीमागे भिंतीत काय असले पाहिजे, हा आहे.

पाण्याच्या हिशेबाने समजून घेऊ

आपण पाइपलाइनवाले लोक. विजेचा व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे वाहणारे पाणी, आणि वायर म्हणजे पाइप. अडीच इंची पाइपातून चार इंची पाइपाचे पाणी न्यायला गेलात तर पाणी शेवटपर्यंत पोचत नाही. ताकद पाइपाच्या घर्षणातच मरते. विजेचेही तसेच, फक्त वायरीत मेलेली ताकद उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पाइपाचा जोड सैल असेल तर पाणी गळते. वायरीचा जोड सैल असेल तर तो तापतो. गळणारा जोड दिसतो. तापणारा जोड भिंतीच्या आत, स्विचबोर्डाच्या पाठीमागे असतो. आग लागल्यावरच तो दिसतो.

आपल्याकडे घरात दोन मापांचे प्लग असतात. छोटा, ज्याला आपण पाच अँपिअरचा म्हणतो आणि ज्यावर आता ६ अँपिअर छापलेले असते. आणि मोठा, पंधरा अँपिअरचा म्हणून ओळखला जाणारा, ज्यावर आता १६ अँपिअर लिहितात. त्याला पॉवर पॉइंट म्हणायचीही पद्धत आहे. छोट्या प्लगच्या वीज वाहणाऱ्या पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या, मोठ्याच्या ७ मिलिमीटरच्या. गाडीसोबत मिळणाऱ्या केबलीला मोठ्या पिना असतात त्या उगीच नव्हेत. २२० व्होल्ट गुणिले १५ अँपिअर म्हणजे ३,३०० वॅट. म्हणूनच दुकानदार 'थ्री पॉइंट थ्री'चा चार्जर म्हणतो.

आता इस्त्री, गीझर, मिक्सर यांच्यात आणि गाडीत फरक काय? गीझरही दोन हजार वॅट खातो. पण तो वीस मिनिटे चालतो आणि बंद पडतो. इस्त्री तापली की आपोआप थांबते. सॉकेट गरम होते न होते तोच त्याला विश्रांती मिळते. गाडी मात्र रात्री नऊला लावली की पहाटे पाचपर्यंत एकसारखे पंधरा अँपिअर ओढते. दहा मिनिटे पन्नास किलोचे पोते उचलणे वेगळे आणि तेच पोते डोक्यावर घेऊन रात्रभर उभे राहणे वेगळे. आपल्या घरांतले सॉकेट पहिल्या प्रकारच्या कामाला सरावलेले आहेत.

किती उष्णता होते याचा साधा हिशेब देतो. उष्णता ही अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा सॉकेटमधली स्प्रिंग सैल झाली आहे आणि पिनेचा व तिचा स्पर्श नीट नाही. तिथे एक दशांश ओहम इतकाच विरोध तयार झाला आहे. पंधराचा वर्ग २२५, त्याचा दहावा हिस्सा साडेबावीस वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डाग द्यायचे जे सोल्डरिंग असते ते पंचवीस वॅटचे. म्हणजे तुमच्या प्लगाच्या पोटात, प्लास्टिकच्या आत, एक सोल्डरिंग आठ तास चालू ठेवल्यासारखे झाले. तीच गाडी दहा अँपिअरवर लावली तर दहाचा वर्ग शंभर, म्हणजे दहा वॅट. अँपिअर एक तृतीयांशाने कमी केले, उष्णता निम्म्याहून कमी झाली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तुम्हाला गरज किती?

बहुतेकांना वाटते की गाडी जितकी लवकर भरेल तितकी चांगली. पण रोजचा हिशेब मांडून बघा. आपल्या भागातला सभासद दिवसाला करतो काय? शेत, कारखाना, तालुक्याचे गाव, बाजार. धरा चाळीस किलोमीटर. मध्यम आकाराची गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे सहा-साडेसहा युनिट खर्च झाले. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते ती धरून सात युनिट. दहा अँपिअरवर तासाला २.३ युनिट जातात. तीन तासांत काम झाले. पंधरा अँपिअरवर दोन तासांत होईल. रात्री गाडी दहा तास दारात उभी असते, तिला कसली घाई आहे?

महिन्यातून एखाद्या वेळी पुण्या-मुंबईला जायचे असेल आणि बॅटरी तळाला गेली असेल तेव्हा प्रश्न येतो. तीस युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर पंधरा अँपिअरवर दहा तासांच्या आसपास, दहा अँपिअरवर चौदा-पंधरा तास. तेव्हा आदल्या दिवशी दुपारीच लावावी. पुष्कळ गाड्यांच्या पडद्यावर किंवा चार्जरच्या डबीवर अँपिअर कमी करण्याची सोय असते. ज्यांच्या गाडीला ती आहे त्यांनी रोजच्या वापराला दहा अँपिअरच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्लंडात घरोघरी तेरा अँपिअरचे सॉकेट असते, पण तिथेही घरच्या प्लगावर लावायच्या मोटारीच्या केबली साधारणपणे दहा अँपिअरच ओढतात. अमेरिकेत तर सलग तीन तासांहून जास्त चालणारा भार असेल तर सर्किटच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ नये असा वायरिंगचा दंडकच आहे.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. काही सभासदांची मुले तिकडे आहेत. ती फोनवर सांगतात, 'बाबा, पन्नास अँपिअरचे सॉकेट बसवून घ्या, आम्ही तेच बसवले आहे.' त्यांचे त्यांच्या जागी बरोबर आहे. तिकडे घरातला साधा प्लग १२० व्होल्टचा, आपल्या निम्मा. त्यावर गाडी मुंगीच्या चालीने भरते. म्हणून ते वेगळे २४० व्होल्टचे मोठे सॉकेट बसवतात. आपल्या घरात २३० व्होल्ट आधीपासूनच आहेत. आपला पंधरा अँपिअरचा प्लग त्यांच्या साध्या प्लगच्या दुपटीने काम करतो. मुलाचे ऐकावे, पण हिशेब आपल्या गावचा मांडावा.

भिंतीवर काय हवे

सॉकेट घ्यायचे ते सोळा अँपिअरचे, आय.एस.आय. मार्क असलेले, चांगल्या कंपनीचे, आणि नवे. त्यासाठीचे भारतीय मानक आय.एस. १२९३ आहे. शंभर रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे. बाजारात छोट्या आणि मोठ्या अशा दोन्ही पिना बसणारी सॉकेट मिळतात, त्यांना सहा-सोळा म्हणतात. घरात सोयीची असतात, पण गाडीला ती घेऊ नयेत असे मला वाटते. ज्या पात्याला कधी बारीक तर कधी जाड पिन धरायची असते ते दोन्हींना सारख्या घट्टपणे धरेल अशी अपेक्षा करू नये. फक्त मोठ्या पिनांचे सॉकेट घ्या. पिन घालताना जोर लागला पाहिजे आणि काढताना त्याहून थोडा जास्त. जो प्लग केबलीच्या वजनाने खाली झुकतो तो गाडीला कुचकामी समजावा.

सॉकेटशेजारचा स्विचही सोळा अँपिअरचाच हवा. कित्येक घरांत सॉकेट मोठे आणि स्विच छोटा असा विजोड संसार असतो. त्याहून चांगले म्हणजे स्विच न ठेवता तिथेच डबल पोलचा एम.सी.बी. बसवणे. चार्जिंग बंद करताना आधी गाडीवरून थांबवावे, मग एम.सी.बी. पाडावा, मग पिन काढावी. चालू भारावर पिन ओढली की आत ठिणगी पडते, पात्यावर काळा डाग येतो, आणि पुढच्या खेपेला तिथेच उष्णता होते.

काहीजण विचारतात, आपण पंपाला वापरतो तशी निळी औद्योगिक सॉकेट लावली तर? ती उत्तमच असतात. २०१७ मध्ये सरकारने 'भारत एसी ००१' नावाचा सार्वजनिक चार्जरचा नमुना ठरवला, त्यात पंधरा अँपिअरची तीन औद्योगिक सॉकेटच धरली होती. पण गाडीसोबत आलेल्या केबलीची मोठी पिन त्यात बसत नाही. मग कोणी कंपनीची पिन कापून दुसरी बसवतो. तसे करू नका. हमी जाते, आणि काही केबलींच्या पिनेच्या आत उष्णता ओळखणारी छोटी कळ असते. पिन तापली तर ती चार्जिंग थांबवते. पिन कापली की ती राखणही गेली.

जागा कोणती असावी? गाडी जिथे उभी राहते तिथून केबल ताणली न जाता पोचेल अशी. जमिनीपासून चार-साडेचार फूट उंचीवर, पत्र्याच्या किंवा छपराच्या आत, आणि बाहेरचे असल्यास झाकण असलेल्या पावसाळी डब्यात. आपल्याकडे गाडी लावण्याची जागा म्हणजे बहुधा गोठ्याशेजारचे शेड. शेजारी कडब्याची गंज, वरच्या माळ्यावर वैरण, कोपऱ्यात उसाचे पाचट. तापलेल्या सॉकेटखाली वाळलेले पाचट असणे म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. शिवाय गोठ्यातली जमीन ओली असते, जनावरांच्या पायांत चपला नसतात, आणि माणसाला नुसता चटका बसेल तेवढ्या विजेने गाय-म्हैस आडवी होते. म्हणून गाडीचे सॉकेट गोठ्याच्या भिंतीवर नको, वैरणीच्या बाजूला नको. दहा फूट वायर जास्त लागली तरी चालेल.

एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. गुंडाळलेल्या वायरीचे भेंडोळे तर मुळीच नाही. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि वायर वितळून एकमेकींना चिकटते. पंधराचा पाच करणारे जे कन्व्हर्टर प्लग मिळतात तेही या कामाला वर्ज्य.

भिंतीच्या आत काय हवे

खरी गंमत इथे आहे. सॉकेट बदलणे वीस मिनिटांचे काम, म्हणून सगळे तेवढेच करतात. पण नवीन सॉकेटच्या पाठीमागे जुनी वायर तशीच राहिली तर जुन्या धोतरावर जरीचा फेटा बांधल्यासारखे होते.

मीटरपासून सॉकेटपर्यंत एकच स्वतंत्र लाइन ओढावी. त्या लाइनवर दुसरे काहीही नको, दिवासुद्धा नको. वायर तांब्याची, चार चौरस मिलिमीटरची. घरमालक म्हणतो, अडीचची चालत नाही का? जवळच्या जवळ असेल तर चालते. पण आपली घरे ऐसपैस. मीटर पुढच्या भिंतीला आणि शेड मागच्या परड्यात. अंतर तीस मीटर धरा. वीज जाते तशी परतही येते, म्हणून वायर साठ मीटर. पंधरा अँपिअर वाहत असताना चारच्या वायरीत सुमारे साडेचार व्होल्ट मरतात, अडीचच्या वायरीत सुमारे सात, आणि दीडच्या वायरीत अकरा-बारा. दीडच्या वायरीत त्या वेळी एकूण दीडशे वॅटहून अधिक उष्णता भिंतीत पसरत असते, आणि त्या उष्णतेचे पैसे तुमच्याच मीटरवर पडतात. चारची वायर थोडी महाग, पण ती पुढची वीस वर्षे बघावी लागणार नाही.

ज्यांची घरे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची आहेत त्यांनी आधी वायर कशाची आहे ते पाहावे. त्या काळी लाकडी पट्टीवर ॲल्युमिनियमची वायर मारण्याची रीत होती. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबते, जोड सैल होतो, वर काळपट थर येतो. तिला तांब्याचा तुकडा पीळ देऊन जोडला तर तो जोड सर्वांत आधी जळतो. अशा लाइनवर गाडी लावूच नका.

मुख्य बोर्डावरचा फ्यूज हाही एक विषय आहे. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये वारंवार तार जळते म्हणून कोणीतरी जाड तार बांधतो, आणि मग ती कधीच जळत नाही. घरातले सर्वजण खूश. पण फ्यूज जळायचा थांबला म्हणजे आता त्याच्या जागी वायर जळणार. गाडीच्या लाइनवर एम.सी.बी. हवा. चारच्या वायरीवर वीस अँपिअरचा एम.सी.बी. साधारण योग्य ठरतो, दहा अँपिअरवर चार्ज करणाऱ्यांना सोळाचाही पुरतो.

अर्थिंग: इथे हयगय नको

एम.सी.बी. बसवला म्हणजे शॉक लागणार नाही, असा मोठा गैरसमज आहे. हिशेब करून दाखवतो. समजा तुमच्या घरच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध वीस ओहम आहे. उन्हाळ्यात मुरमाड जमिनीत तेवढा सहज असतो. गाडीच्या धातूच्या अंगाला आतून फेजचा स्पर्श झाला. वीज अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जाणार. किती? २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. आता सांगा, वीस अँपिअरचा एम.सी.बी. साडेअकरा अँपिअरला पडेल का? कधीच नाही. तो खुशाल चालू राहील, आणि गाडीच्या अंगावर दोनशेच्या आसपास व्होल्ट उभे राहतील. सकाळी नातू शाळेला जाताना गाडीचा दरवाजा धरील.

या जागी जीव वाचवणारी वस्तू वेगळी आहे. तिला आर.सी.सी.बी. म्हणतात. फेजने जितकी वीज गेली तितकी न्यूट्रलने परत आली की नाही, हे ती सारखे मोजत असते. ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. म्हणजे तीस हजारांश अँपिअर जरी वाटेत जमिनीकडे पळाले तरी ती क्षणार्धात लाइन तोडते. घेताना तिच्यावरचे चिन्ह पाहा. काहींवर नुसती एक नागमोडी लहर असते, त्या 'एसी' प्रकारच्या. गाडीला 'ए' प्रकारची हवी. तिच्यावर लहरीच्या खाली तुटक अर्ध्या लहरींचे दुसरे चिन्ह असते. गाडीच्या चार्जरमधून कधी कधी एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची गळती होते आणि साधी 'एसी' प्रकारची तिला ओळखेलच असे नाही. गाडीच्या पुस्तिकेत याहून वरच्या प्रकारची सांगितली असेल तर तीच घ्यावी. आर.सी.सी.बी.वर एक चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. खट्‌कन पडली तर ठीक. नाही पडली तर ती नुसती शोभेची आहे.

आर.सी.सी.बी. आहे म्हणून अर्थिंग नको असे नव्हे. दोन्ही हवेत. अर्थिंगसाठी किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जी.आय. पाइप जमिनीत उभा गाडून, भोवती कोळसा आणि मीठ घालण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे. काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथे विरोध कमी येतो. माळरानावर घर असेल तर पाइप न्हाणीच्या किंवा मोरीच्या सांडपाण्याजवळ घ्या आणि मार्च ते मे आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. पंपाच्या किंवा नळाच्या पाइपाला अर्थची तार गुंडाळून वेळ भागवू नका. नळाला आता प्लॅस्टिकचा पाइप असतो, त्यातून वीज जमिनीत जाणार कशी?

काही वायरमन टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग तपासतात. फेज आणि अर्थच्या मध्ये शंभर वॅटचा बल्ब धरायचा, झकास पेटला की अर्थिंग पास. ही परीक्षा फार सोपी आहे. अर्थिंगचा विरोध शंभर ओहम असला, म्हणजे अगदी टाकाऊ असला, तरी त्या बल्बला १९० व्होल्टच्या वर मिळतात आणि तो बऱ्यापैकी पेटतो. अर्थ टेस्टर नावाच्या यंत्राने मोजून आकडा घ्यावा. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे ते असते. मोजलेला आकडा आणि तारीख खडूने नव्हे, रंगाने बोर्डाजवळ लिहून ठेवा, आणि दरवर्षी उन्हाळ्यात पुन्हा मोजा.

इथे एक पाहिलेली गोष्ट सांगणे भाग आहे. गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाने नवी गाडी घेतली. केबल लावली की डबीवर लाल दिवा. चार्जिंग सुरूच होईना. गाडीची डबी आधी अर्थ आहे का ते पाहते आणि नसेल तर वीज आत सोडत नाही, हा तिचा गुणच आहे. पण आलेल्या कारागिराने सॉकेट उघडून न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेला एक छोटी तार जोडली. दिवा हिरवा झाला. चहापाणी झाले, दोनशे रुपये देऊन त्याला वाटेला लावला. आम्ही दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो होतो म्हणून ती तार दिसली. तिचा अर्थ काय? खांबावर किंवा मीटरमध्ये न्यूट्रल कधी तुटला, आणि तो आपल्याकडे वाऱ्या-पावसात तुटतो, तर घरातल्या उपकरणांतून परत येणारा फेज त्या तारेवाटे थेट गाडीच्या अंगावर येतो. अख्खी गाडी रबराच्या टायरवर उभी, अंगात २३० व्होल्ट, आणि बाहेरून ओळखू येईल असे एक चिन्ह नाही. ती तार आम्ही तिथल्या तिथे काढली आणि पाइप गाडून होईपर्यंत चार दिवस गाडी लावू दिली नाही. सभासद थोडे नाराज झाले. पण ज्याच्या घरी असा 'हिरवा दिवा' करून दिलेला असेल त्याने आजच सॉकेट उघडून घ्यावे, ही कळकळीची विनंती आहे.

मंजूर भार आणि लो व्होल्टेज

वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण झाले, तरी आपल्या तोंडी बोर्डच आहे. तर त्या बोर्डाच्या बिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो. जुन्या घरांचा तो पुष्कळदा एक किंवा दोन किलोवॅटच असतो. एकट्या गाडीने तीन किलोवॅटच्या वर गेल्यावर गीझर, मोटार, फ्रिज कुठे बसवणार? भार वाढवून घेण्याचा अर्ज रीतसर करावा. त्याने खांबापासूनची सर्व्हिस वायर आणि मीटरची जोडणीही तपासली जाते, हा दुसरा फायदा. आणि गाडी रात्री अकरानंतर लावावी. गीझर आणि गाडी एकाच वेळी नको.

संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरते अशी तक्रार बऱ्याच गावांत आहे. पंपाची मोटार कमी व्होल्टेजवर जास्त अँपिअर ओढते आणि जळते, हे आपण अनुभवाने जाणतो. मोटारगाडीचे तसे नाही. तिची डबी अँपिअरची मर्यादा घालून देते, त्यामुळे व्होल्टेज उतरले की ती फक्त हळू भरते. फारच उतरले तर थांबते. घाबरण्याचे कारण नाही. भीती उलट्या बाजूची आहे. न्यूट्रल सुटला की दिवे एकाएकी लख्ख होतात, पंखा घोंघावतो. तसे दिसताच मुख्य स्विच पाडावा. वळवाचा पाऊस आणि विजा सुरू होण्याआधी गाडीची पिन काढून ठेवावी. तीन फेज असलेल्या घरात एक फेज गेला की दुसऱ्यावर बदलून घेतात; ते करण्याआधीही गाडी बंद करावी.

नव्या लाइनवर पहिले चार्जिंग दिवसा करा, रात्री नको. अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी पिनेला हात लावून पाहा. कोमट लागली तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, प्लास्टिक पिवळे पडले असेल, किंवा जळका वास आला तर तिथेच थांबवा.

सभासदांनी विचारलेले काही प्रश्न

*भिंतीवर बसवायची सात किलोवॅटची पेटी घ्यावी का?* रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्याने जरूर घ्यावी. ती बत्तीस अँपिअर ओढते, म्हणून किमान सहा चौरस मिलिमीटरची वायर, चाळीसचा एम.सी.बी. आणि वाढीव मंजूर भार लागतो. तिच्यात सॉकेट-पिनेचा सांधाच नसतो, वायर थेट आत जाते, हा मोठा गुण. गाडीबरोबर फुकट मिळत असेल तर नाकारू नका. पण तिच्याकरिता घरची जुनी वायर तशीच ठेवून कर्ज काढू नका.

*विजेच्या स्कूटरलाही हे सगळे लागते का?* स्कूटरची बॅटरी तीन-चार युनिटांची, अँपिअर थोडे. बहुतेकींना छोटा प्लग पुरतो. अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. मात्र तिलाही हवी, आणि जिन्याखाली, बाहेर पडण्याच्या वाटेवर ती रात्री चार्जिंगला लावू नये.

*घरच्या इन्व्हर्टरवर गाडी भरेल का?* बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, पावणेदोन युनिट. गाडीला रोजचे सात लागतात. शिवाय इन्व्हर्टर एवढा भार उचलतच नाही. घोटभर पाण्याने हौद भरत नाही.

*विहिरीवरच्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावली तर? वीज फुकटच आहे.* हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आणली, ती पंपासाठी, मोटारीसाठी नव्हे. ज्या कामासाठी कनेक्शन घेतले त्याहून वेगळ्या कामाला ते वापरले तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. कायदा बाजूला ठेवला तरी विहिरीवरचा बोर्ड पाहा: पत्र्याची पेटी, उघडा स्टार्टर, अर्थिंगचा पत्ता नाही, पायाखाली चिखल. कितीतरी ठिकाणी सिंगल फेजवर पंप ओढायला कपॅसिटर लावलेले असतात, त्यामुळे व्होल्टेज कुठून कुठे जाते याचा नेम नसतो. तिथे गाडी लावू नका, आणि शेजाऱ्याला लावताना पाहिलेत तर त्यालाही थांबवा.